मी आताच आलो

भाऊजी, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत वरठीतल्या एकाही माणसाने तुमच्याबद्दल वावगा शब्द काढलेला नाही. बसायला येणारे येतात, तुम्ही कोणाचा कोणता फ्रिज कसा जिवंत केला ते सांगतात, चहा पितात, आणि उठल्यावर चपला शोधता शोधता आवाज उतरवून एकच वाक्य बोलतात. "शेवटी शेवटी दारू पुन्हा सुरू झाली होती म्हणे." समोरचा मान हलवतो. मी तिथेच दाराशी उभा असतो.

तुमची सुरू झाली नव्हती. ती बिअर माझी होती. एवढं सांगायला किती वेळ लागतो? मला अठ्ठावीस दिवस लागले, आणि त्यातले अठरा दिवस तुम्ही जिवंत होता.

उद्या रविवारी विहारात तुमचं पुण्यानुमोदन आहे. नातेवाईक, शेजारी, तुमची गिऱ्हाइकं जमतील. वंदना झाली की ज्याला बोलायचं तो पुढे उभा राहून तुमच्याबद्दल बोलेल. ताईचा भाऊ म्हणून माझंही नाव आहे. तोंडी बोलायला लागलो की मी आडवळणाने पळतो, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. म्हणून लिहून नेतो आहे.

सुरुवात माझ्या मिजाशीतून झाली. पुण्याच्या कंपनीचं काम मी भंडाऱ्यात घरी बसून करतो, पण डोकं पुण्यातच राहिलेलं. तिथे एका सहकाऱ्याच्या घरी मी तो फ्रिज पाहिला होता. कमरेएवढा, डोक्यावर चकचकीत नळ. आत बिअरचा स्टीलचा ड्रम, मागे सोड्याच्या गॅसचा सिलिंडर, नळ ओढला की थंडगार पेला भरतो. मला तसाच हवासा वाटला. भंडाऱ्यात कोणाकडे नाही, हे त्याचं खरं कारण. आणि सहा वर्षांपूर्वी दारू सोडलेल्या माणसाकडे मी बिअरचा नळ बनवून घ्यायला गेलो. दुसऱ्या मिस्त्रीकडेही जाता आलं असतं. पण दुसऱ्याने फ्रिज बिघडवला असता, आणि मला काळजी फ्रिजची होती.

तुम्ही वरठीच्या दुकानात एका कूलरची मोटर उघडून बसला होता. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तुम्ही हात पुसून तो दोनदा पाहिला.

"काहून पायजे तुले हे?"

"मित्र येतात, भाऊजी."

"मित्र बाटलीतून नाही पेत का?" म्हणालात आणि हसलात. मग बरंच काही विचारलंत, सगळं फ्रिजबद्दल. शेवटी म्हणालात, "देतो बनवून. बारवाल्याचा फ्रिजबी मीच दुरुस्त करतो, मंग मी का बारमंधी जाऊन बसलो? पण एक आयक. माह्या दुकानात ते भरून आणजो नको. पाण्यावर टेस्ट करू. बाकी तुझ्या घरी तू जाण."

मी हो म्हणालो.

"अना ताईले काय सांगशील?"

"थंड पाण्याचा आहे म्हणतो."

यावर तुम्ही हसला नाहीत. "मी नाही सांगत असं. तुले सांगाचं ते तू सांग," म्हणालात आणि पुन्हा मोटरीकडे वळलात.

ताईला खरं सांगणं मला का जमणार नव्हतं, ते विहारातल्या सगळ्यांना माहीत नसेल. आमची आई मी तिसरीत असताना गेली. ताईने मला मोठं केलं. बाबा दारूनेच गेले. मग ताईचं लग्न झालं तर तिच्या वाट्याला तुम्ही, तेही तेव्हा पिणारे. सोळा वर्षं ती संध्याकाळी उंबऱ्यावर उभी राहून तुम्हाला म्हणायची, "तोंड उघडा." तुम्ही उघडायचा, ती हुंगायची, आणि त्यावर त्या घरातली संध्याकाळ कशी जाणार ते ठरायचं. या सगळ्यात तिच्याजवळ एकच गोष्ट मिरवण्यासारखी होती. माझा भाऊ हात नाही लावत, असं ती चारचौघींत सांगायची. मी पुण्याला गेल्यापासून लावत होतो. तिला ते माहीत नव्हतं, तुम्हाला होतं.

मग एका रविवारी तुम्ही विहारात सगळ्यांसमोर उभे राहून पंचशील घेतलंत. पाच वचनं: हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. आमच्यात लहानपणापासून सगळेच ती म्हणतात, म्हणून कोणी ती ऐकत नाही. तुम्ही ऐकलीत. त्या दिवसापासून दर रविवारी तुम्ही पाचवं शील दोनदा म्हणू लागलात. सगळे थांबले की मागच्या रांगेतून तुमचा एकट्याचा आवाज यायचा. पोरं खिदळायची, मीही हसलो आहे. एकदा विचारलं तर म्हणालात, "चौघायपेक्षा माहा बॅकलॉग जास्त हाये, बाबू."

फ्रिज तुम्ही लाखनीच्या एका किराणावाल्याकडून आणलात. मागे जाळी नसलेला, म्हणजे गरम नळ्या पत्र्याच्या पोटात. त्याला गॅसच्या नळीसाठी बाजूने भोक पाडायचं होतं. मी ड्रिल मशीन हातात घेऊन तयार होतो. तुम्ही ती काढून घेतलीत.

"न विचारता छेद केला अना नळीले लागला, का फ्रिज मेला समज. अगुदर तिले विचारावं लागते, कोठं दुखते."

घरून वाटीभर तांदळाचं पीठ आणायला लावलंत. ते पाण्यात पातळ कालवून फ्रिजच्या दोन्ही बाजूंना हाताने फासलंत आणि फ्रिज चालू केलात. आम्ही दोघं समोर स्टुलांवर बसून बघत राहिलो. थोड्या वेळाने जिथे आत गरम नळी होती तिथलं पीठ आधी वाळायला लागलं, आणि ओल्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटली, वर गेली, वळली, खाली आली. सगळा नकाशा समोर आला. तुम्ही रेघांच्या मधल्या जागेवर पेन्सिलने फुली मारलीत आणि माझ्याकडे असं पाहिलंत की काय सांगू. मी पुण्यात एवढी वर्षं काढली, पण माझ्या कुठल्या कामाने मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

पुढचे पाच-सहा दिवस दुपारी लॅपटॉप मिटला की मी दुकानात. तुम्ही बर्फाचा कप्पा नळी न मोडता हलक्या हाताने खाली वाकवलात, दाराच्या आतले रॅक काढून सपाट पत्रा बसवलात, ड्रम सरळ उभा राहावा म्हणून फळीचा ओटा केलात. थर्मोस्टॅट तीनदा बदललात. पाण्याने ड्रम भरून गॅस सोडला आणि दुसऱ्या दिवशी नळ ओढला तर सोडा आला. काय सोडा होता, भाऊजी! तुम्ही लिंबू आणि काळं मीठ मागवलंत. शेजारचा सायकलवाला आला, जवळच्या स्टील प्लान्टवरून सुटलेले चार-पाच जण सायकलींवरच एक पाय टेकून पेले रिकामे करत होते. तुम्ही प्रत्येकाला तोच किस्सा, पिठाचा. ताईसुद्धा प्यायली आणि म्हणाली, "हे बेस केलं तुमी." उन्हाळ्यात असाच एक विहारासमोर लावू, असं तुमच्या डोक्यात आलं. मी म्हटलं मठ्ठ्याचा लावू. तुम्ही म्हणालात, मठ्ठ्यानं नळी चोंदेल, सरबतच बरं. त्यावर आपण अर्धा तास वाद घातला. तो वाद मिटला नाही. तुमचंच बरोबर होतं, हे मी आता कबूल करतो.

त्या दिवशी फ्रिज मी घरी नेला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण नळाला शेवटची क्लिप बसायची होती, म्हणून तो दुकानातच राहिला. शनिवारी माझे मित्र येणार होते. शुक्रवारी मी नागपूरहून ड्रम भरून आणला आणि गाडी सरळ वरठीला घेतली. दोन मिनिटं जोडून बघू, फेस किती येतो ते कळेल. तुम्ही कोणाच्या घरी कॉम्प्रेसर बसवायला गेला होता. परतलात तेव्हा मी ड्रम आत ठेवून नळी जोडत होतो.

"नको जोडू," तुम्ही दारातूनच म्हणालात. "काय बोलणं झालं होतं आपलं?"

"दोनच मिनिटं, भाऊजी."

मी गॅस जास्त सोडला. नळाची नळी फटकन सुटली आणि फवारा उडाला. तुम्ही मला बाजूला ढकलून पुढे झालात आणि सिलिंडरची चावी बंद केलीत. माझ्या अंगावर थेंब नाही. तुमचा शर्ट, मान, मिशी, सगळं बिअरने निथळत होतं. मी फ्रिजचं दार लोटलं. तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. रोज एक वाजताच यायची, मला माहीत होतं.

तिला उंबऱ्यातच वास आला. डबा खाली ठेवून ती तुमच्याजवळ गेली, शर्ट हुंगला, आणि अगदी हळू म्हणाली, "तोंड उघडा." सहा वर्षांनी म्हणाली. तुमच्या मिशीला फेस होता. मग ती माझ्याकडे वळली.

"प्रशांत, तू होता ना येथं? पेले का हे?"

मी म्हणालो, "मी आताच आलो, ताई."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. एखादा कॉम्प्रेसर उघडण्याआधी तुम्ही बघायचा तसं, याचं काही होईल की टाकावा लागेल. मग ताईकडे वळून म्हणालात, "हाव. चूक झाली."

ती डबा तिथेच ठेवून निघून गेली. मी म्हटलं, असं का बोललात, भाऊजी? हे विचारायची माझी हिंमत तरी कशी झाली! तुम्ही शर्ट काढून पिळत होता. म्हणालात, "बिघडलेला एक माणूस तिच्या सवयीचा हाये. तुझं तिले सहन नाही होणार. पण आयक, हे काही कायमचं नाही. तू सांगजो तिले. मी तुझं नाव नाही घेत, तू आपल्या तोंडानं सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

तुम्ही तो ड्रम फ्रिजमधून काढलात आणि माझ्या गाडीत नेऊन ठेवलात. शनिवारी माझे मित्र आले, आम्ही तो संपवला. हेही उद्या वाचणार आहे.

रविवारी ताईने हट्ट धरला की जिथे शील घेतलं होतं, तिथेच ते परत घ्यायचं, सगळ्यांसमोर. विहार भरलेला होता. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे उभे राहिलात आणि म्हणालात, "माह्याकडून चूक झाली. मी पुन्हा शील घेतो." एवढंच. चूक काय, कधी, कोणामुळे, काही नाही. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. मग सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. मी तुमच्या मागच्या रांगेत हात जोडून उभा होतो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. मी ते स्पष्ट आवाजात म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. पाचवं तुम्ही त्या दिवशीही दोनदा म्हणालात, आणि या वेळी पोरं हसली नाहीत.

त्यानंतर तुम्ही मला एक दिवसाआड फोन करायचा. "सांगतलं का?" मी म्हणायचो, काम आहे. मी म्हणायचो, ताईचं डोकं शांत होऊ द्या. एकदा तर मी तुमच्यावरच उखडलो, म्हटलं, एवढं होतं तर तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं होतं तुम्ही. तुम्ही ऐकून घेतलंत. सोमवारी शेवटचा फोन आला. "तुझी ताई रोज संध्याकाळी तोंड हुंगून राहिली माहं. मले त्याचं काही नाही, सवय हाये. पण तिले झोप नाही लागून राहिली. तिच्यासाठी सांग, बाबू." मी म्हटलं, रविवारी येतो, भाऊजी, नक्की. तुम्ही म्हणालात, "ये मंग. जेवालेच ये."

दुसऱ्याच दिवशी तुम्हाला हृदयविकाराचा झटका आला. रविवार यायच्या आत तुम्ही गेलात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ताईला विचारलं, दारू घ्यायचे का? नेहमीचा प्रश्न होता, ते सगळ्यांना विचारतात. ताई म्हणाली, "सोडली होती. मधात एक डाव झालं." मी तिच्या शेजारी उभा होतो, हातात तुमचे कागद. तुम्ही पडद्यापलीकडे होता, अजून श्वास चालू होता. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. भाऊजी, बाकी सगळ्याला काहीतरी कारण देता येईल. याला कारण नाही.

ज्या माणसाने मला प्लान्टच्या रस्त्यावर सायकल शिकवली, मागे धरल्याचं सांगून कधी सोडली नाही, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी नापास होऊन आलो तेव्हा ताईला कळू न देता तीन दिवस मला दुकानात बसवून पोट भरून हसवलं, त्या माणसाचं मी हे केलं. तुम्ही आधीही माझं झाकत आला होता. मला वाटलं, हेही त्यातलंच.

काल दुपारी ताईला सांगितलं. ती उद्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत होती. मी सूप बाजूला सरकवलं आणि सगळं सांगितलं, ड्रम, नागपूर, नळी, मित्र, फोन, दवाखाना. ती मारेल असं वाटलं. मारावं असं वाटत होतं. ती सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली.

"अठरा दिवस मी यायचं तोंड हुंगलं," ती म्हणाली. "रोज. एकबी दिवस वास नाही आला. मी म्हणो, इलायची खाऊन आले. मी म्हणो, लपवणं शिकले." मग तिने बोट नाकाला लावलं. "मले तर नाकानं रोज सांगतलं रे. मीच नाही आयकलं."

मी म्हटलं, ताई, चूक माझी आहे, तुझी नाही. ती म्हणाली, "तुझी तर हायेच." तिने सूप परत ओढून घेतलं. "मले माफी नको मागू. मले सांगून त्यायचं काय होते? ते जेथं उभे राह्यले, तेथं जाऊन तू उभा राह."

मी घाबरत घाबरत फ्रिजचं विचारलं. तो दुकानातच आहे, शटर बंद. विहारासमोर सरबताचा लावायचं तुमच्या मनात होतं, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पहिले सांग, मग पाहू. आज सकाळी किल्ली घेऊन मी दुकानात गेलो होतो. बाजूच्या पत्र्यावर पिठाच्या पुसट रेघा अजून आहेत. तुमची पेन्सिलची फुली आहे, आणि बरोबर त्या फुलीवर भोक.

तर उद्या मी हे वाचेन. माझे मित्र येणार आहेत, ताईच्या मैत्रिणी असतील, चपला शोधता शोधता बोलणारे सगळे असतील. त्यांनी माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलावं, पण तुमच्याबद्दलचं ते एक वाक्य उद्यापासून कोणी बोलू नये. सहा वर्षांत तुम्ही एक थेंब घेतला नाही. जो मिशीला लागला तो माझ्यामुळे, आणि तोही तुम्ही बाहीने पुसलात, जिभेने नाही. मी पाहिलं आहे. मी तिथे होतो. मी आताच आलो नव्हतो.

वाचून झालं की सगळे उभे राहतील आणि पंचशील म्हणतील. पाचव्याचं वचन मला लगेच देता येत नाही, भाऊजी. ताईला तसं सांगितलं आहे, आता तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही. पण तुमच्या जागी उभा राहून, सगळे थांबले की, मी चौथं दोनदा म्हणेन.